कमाई तिची, हिशेब दुसऱ्याचा

देहविक्रय करणाऱ्या महिलांचा विषय निघाला की सरकारला छापे आणि सुटका एवढेच सुचते. त्यांच्या पैशाचे काय होते, हे कोणी विचारत नाही. बुधवार पेठ असो की कामाठीपुरा, कमाई हाती पडण्याआधीच तिला वाटेकरी फुटतात. कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीचा वाटा, खोलीभाडे, दलाल, हप्ता. उरलेले पैसे घरवालीकडेच ठेवायचे किंवा भिशीत घालायचे. मुलाची फी आली, आजारपण आले की दार ठोठावायचे ते सावकाराचे. महिना १० टक्क्यांनी २० हजार घेतले, तर दहा महिन्यांत २० हजार व्याजातच जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. धंदा सोडायचा म्हटले तरी कर्ज सोडत नाही.

कायदा नाही असे नाही. विनापरवाना सावकारी राज्याच्या २०१४च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण पोलिसांच्या धाकात जगणारी बाई त्या कचेरीची पायरी चढेल कशी? त्यात १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचे चौथे कलम तिच्या कमाईवर जगणाऱ्या सज्ञान व्यक्तीला गुन्हेगार ठरवते. दलालाला वेसण घालणारे हे कलम म्हाताऱ्या आईच्या आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावरही टांगलेले असते.

वाट कोलकात्यातल्या सोनागाछी वस्तीने दाखवली आहे. तिथल्या महिलांनी १९९५मध्ये ‘उषा’ ही सहकारी संस्था काढली. सभासदाच्या चारित्र्याची अट आडवी आली, तेव्हा ‘गृहिणी म्हणून नोंद करा’ असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी ते धुडकावले आणि आपल्या व्यवसायाच्या नावानेच नोंदणी मिळवली. आज बचत आणि कर्ज दोन्ही त्यांच्या स्वतःच्या संस्थेत होते.

सुप्यात १८७५ साली सावकारांविरुद्ध उठलेल्या, पुढे गावोगाव पतसंस्था उभारणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. राहण्याच्या पुराव्यासाठी अडवून न धरता या महिलांना आधार कार्ड द्या, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्येच सांगितले आहे. त्या कार्डावर खाते उघडावे, वस्तीतल्याच महिलांना पिग्मी गोळा करण्याचे काम द्यावे, आणि उपनिबंधकांनी पोलिसांना दूर ठेवून वस्तीतच तक्रारी घ्याव्यात. तिच्या चारित्र्याचा निवाडा करण्याची हौस सरकारने आवरावी. तिचा पैसा तिच्याच नावावर राहील, एवढे पाहावे.