प्रश्न भोर-वेल्ह्याचे, संशोधन कोणाचे?

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत पाऊस कोसळतो आणि ऊस मात्र पूर्वेकडे पिकतो, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. भाटघरचे पाणी नव्वदहून अधिक वर्षे नीरेच्या कालव्यांतून बागायतदारांकडे जात आहे. पानशेत-वरसगावचे पाणी पुण्याच्या नळांना जाते. आज ज्या प्रश्नाकडे मी लक्ष वेधू इच्छितो तो पाण्याचा नाही, वैद्यकीय संशोधनाचा आहे. परंतु त्याचाही उतार त्याच दिशेने आहे.

संशोधन म्हणजे मोठे रुग्णालय, महागडी यंत्रे व दुर्मीळ आजार, अशी आपल्या सुशिक्षितांची समजूत आहे. ही समजूत किती पोकळ आहे ते केर व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ सालीच आकड्यांनिशी दाखविले. इंग्लंड-अमेरिकेतील माहितीवरून त्यांनी मांडलेला हिशेब असा : १००० प्रौढ माणसांपैकी महिन्याभरात ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोचतो अवघा १. वैद्यकाचे शिक्षण आणि संशोधन मात्र प्रामुख्याने त्या एकाभोवती फिरते. उरलेल्या ७४९ जणांचे दुखणे हे शास्त्राच्या लेखी दुखणेच नव्हे काय?

या ७४९ जणांत आपली माणसे आहेत. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून बायकांच्या पायांना चिखल्या होतात, कंबर धरते. त्यावर स्वस्त आणि टिकाऊ उपाय कोणता? धनगरवाड्यावरून झोळीतून खाली आणलेल्या सर्पदंशाच्या रुग्णाचे वाटेत किती तास जातात, आणि लस नेमकी कोठे ठेवली तर तो वाचेल? मुंबईला हमालीसाठी गेलेल्या माणसाच्या रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच का तुटतात? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. ज्यांना ते पडतात त्यांच्यापाशी सत्ता नाही, एवढाच त्यांचा दोष. २०२४ साली मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. इतिहासाचा मान राखला गेला, हे ठीकच झाले. वर्तमानाची नाडी कोण पाहणार?

यावर उत्तर येते की, खेड्यातला डॉक्टर संशोधन काय करणार! उत्तर देणाऱ्यांनी भोरहून वरंध घाट उतरून महाडला जावे. तेथे बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या औषधाच्या उपयोगाने शेकडा ४०च्या घरातील मृत्यू शेकडा १च्या आसपास आले. वेल्समधील ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावी ज्युलियन ट्यूडर हार्ट या समाजवादी डॉक्टरने गावातल्या माणसांचा रक्तदाब पद्धतशीरपणे मोजला. जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वाधिक तेथेच ती सर्वात कमी मिळते, आणि बाजाराचे प्राबल्य जितके अधिक तितकी ही विषमता तीव्र, हा सिद्धान्त त्यांनी १९७१ साली मांडला. अर्थशास्त्र शिकविताना मला याहून नेमके विधान क्वचितच आढळले.

बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. परंतु अपवादाचा गौरव करायचा आणि त्याचा नियम होऊ द्यायचा नाही, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. आरोग्य केंद्रातील डॉक्टरला संशोधनासाठी वेळ, कारकून आणि स्थैर्य देणारी व्यवस्था आजही नाही.

उलट आता नवाच प्रवाह सुरू झाला आहे. २०२१ साली केंद्राने आयुष्मान भारत डिजिटल मिशन जाहीर केले. रुग्णांच्या नोंदी संगणकावर चढू लागल्या. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संशोधनासाठी होणाऱ्या वापरास काही अटींवर सूट दिली आहे. नोंदींना माझा विरोध नाही. नोंदींवाचून शास्त्र नाही. प्रश्न मालकीचा आहे. घरोघर फिरून माहिती जमविणारी आशाताई मानधनासाठी संप करते, जिची माहिती तिला तिचा उपयोग कळत नाही, आणि निष्कर्ष निघतात ते दूरच्या वातानुकूलित दालनांत. पाणी गेले तसेच हेही जाणार काय?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. आरोग्य केंद्रातील पदे कायम भरा आणि डॉक्टरांना आठवड्यातून अर्धा दिवस स्थानिक अभ्यासासाठी पगारी द्या. कोणताही अभ्यास सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत समजावून सांगा आणि त्याचे निष्कर्ष त्याच ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा. आशाताईंना या कामाचे वेतन आणि श्रेय, दोन्ही द्या.

आणि कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहत बसू नये. येत्या पावसाळ्यात प्रत्येक वाडीत एक वही ठेवावी : दुखणे कोणते, डॉक्टरपर्यंत पोचण्यास किती वेळ लागला, खर्च किती झाला, त्यापायी कर्ज किती काढावे लागले. रुग्णाचे नाव लिहू नये. चार महिन्यांनी त्या वह्या घेऊन तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांसमोर बसावे. धरणे बांधली गेली तेव्हा आपल्या आजोबांच्या हाती हिशेबाची वही नव्हती. आपल्या हाती ती आहे.