आधी विचारा, जेवलास का?



भुताच्या गोष्टी ऐकायला आम्हाला आवडतात, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला दफनभूमीत मिस्सा होते, कबरींवर मेणबत्त्या लागतात, आणि रात्री जेवणे आटोपली की कोणीतरी विषय काढतोच. आमच्या बेळगाव-खानापूर भागात असा घाट नाही जिथे पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करत नाही. तिला पाहिलेला माणूस मात्र कधी समोर बसलेला नसतो. तो मावसभावाचा मित्र असतो, नाहीतर मित्राचा मावसभाऊ. चिंचेवर हडळ असते, पिंपळावर मुंजा, आणि मूळच्या गोव्याकडच्या घरांत देवचार. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी वारलेल्या मुलाचे भूत. आमच्या घरांत कोणाची मुंज होत नाही. तरीही तिन्हीसांजेला पिंपळाखालून सायकल हाणताना आमची मुले एक अख्खी जपमाळ अर्ध्या मिनिटात संपवतात. एरवी ती तेवढ्या भक्तीने हाती धरतील तर बरे.

या गोष्टींना हसावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पवित्र शास्त्रालाही हे हसू नवीन नाही. प्रेषितांची कृत्ये, एकोणिसावा अध्याय काढून पाहा. स्केवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरून भुते काढायला निघतात. बाधा झालेला माणूस त्यांना विचारतो की येशूला मी ओळखतो, पौलालाही जाणतो, तुम्ही कोण? मग तो एकटा सातांना असा बदडतो की ते अंगावरच्या कपड्यांशिवाय घराबाहेर पळतात. त्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात पेत्र तुरुंगातून सुटून दार ठोठावतो. आतले सगळे त्याच्याच सुटकेसाठी प्रार्थना करत बसलेले. पेत्र दारात आहे असे मोलकरीण सांगते, तर ते म्हणतात की तो पेत्र नव्हे, त्याचा दूत असेल. जिवंत माणूस थंडीत दार वाजवतोय आणि भाविक मंडळी आत चर्चा करताहेत! (थंडी आमची. लूकने हवामान दिलेले नाही.)

शिष्यांची तऱ्हाही तीच. सरोवरावरून चालत येणाऱ्या प्रभूला पाहून ते भूत भूत म्हणून ओरडले. पुनरुत्थानानंतर तो त्यांच्यामध्ये उभा राहिला तेव्हाही त्यांना तेच वाटले. त्या वेळी प्रभूने काय केले? घाबरल्याबद्दल त्यांना शाप दिला नाही. हातपाय दाखवले, चाचपून पाहा म्हणाला, आणि मग खायला काही आहे का असे विचारले. त्यांनी भाजलेल्या माशाचा तुकडा दिला आणि तो त्याने त्यांच्यासमोर खाल्ला. हा मासा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

तपासणी करणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटते. त्यांनी दानिएलचा चौदावा अध्याय वाचावा. (आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलात तो नसतो. त्यांनी शेजारच्या कॅथलिक घरातून मागून घ्यावा, गोष्ट झकास आहे.) बाबेलमध्ये बेल नावाची मूर्ती होती. तिला रोज ढीगभर पीठ, ४० मेंढ्या आणि द्राक्षारस लागे, आणि सकाळी सगळे फस्त झालेले असे. राजा म्हणे, बघ, हा देव जेवतो. दानिएल हसला. रात्री नैवेद्य मांडून झाल्यावर त्याने राजाच्या देखत देवळाच्या फरशीवर बारीक राख चाळून पसरली. दाराला कुलूप, त्यावर राजाची मोहोर. सकाळी मोहोर शाबूत आणि नैवेद्य गायब. राजा आनंदाने ओरडला. दानिएलने त्याला थांबवले आणि खाली बघायला सांगितले. राखेत पुरुषांची, बायकांची, मुलांची पावले उमटली होती. ७० पुजारी बायकामुलांसह मेजाखालच्या चोरदारातून येऊन जेवून जात होते. संदेष्टा म्हणून गौरवलेला माणूस इथे पोलिसासारखा ठसे शोधतो आहे, आणि त्याने त्याची श्रद्धा तसूभरही कमी झालेली नाही.

असाच दुसरा एक माणूस आम्हाला फार आवडतो. मायकेल फॅरडे. विजेचा शास्त्रज्ञ म्हणून तो शाळेच्या पुस्तकात भेटतो. पण तो सँडेमनियन नावाच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा निष्ठावान सभासद होता, हे शाळेत कोणी सांगत नाही. १८५३ साली इंग्लंडमध्ये मेज फिरवण्याचे वेड आले होते. चारपाच जणांनी मेजावर हात ठेवून बसायचे, थोड्या वेळाने मेज आपोआप सरकू लागे, आणि आत्मा आला असे लोक म्हणत. आपल्याकडे सुट्टीत वाटीवर बोट ठेवून प्लँचेट करतात, तिचीच ही थोरली बहीण. फॅरडेने कोणालाही लबाड म्हटले नाही. त्याने प्रामाणिक माणसेच निवडली. त्यांचे हात आणि मेज यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि ते मऊ लुकणाने एकमेकांना हलकेच चिकटवले. मेज आधी सरकले तर खालचा थर पुढे जाईल, हात आधी सरकले तर वरचा. वरचाच थर पुढे गेलेला निघाला. मग त्याने एक काटा लावला. हात बाजूला जोर देऊ लागले की काटा हलायचा. बसणाऱ्यांना काटा दिसू लागताच मेज जागचे हलेना. माणसाचा हात त्याच्या नकळत ढकलत असतो, इतकीच ती गंमत. वाटीचेही तेच आहे. डोळे बांधून अक्षरांचा कागद गुपचूप फिरवून ठेवा, आत्मा एकदम निरक्षर होतो.

प्लँचेटला ख्रिस्तसभेची मनाई आहे, आणि ती राहावी असेच आम्हाला वाटते. उद्याचे आणि मेलेल्यांचे ज्ञान चोरून हाती घेण्याची ती हौस आहे. ते देवावर सोपवायचे असते. पण मुलांना मनाईचे कारण सांगताना वाटीतून सैतान येतो अशी भीती घालू नये. येतो तो बोटाचा जोर.

ही फूटपट्टी आपल्या घरालाही लावायला हवी. २०१२ साली मुंबईत इर्ला येथे क्रूसावरच्या प्रभूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि गर्दी लोटली. सनल एडामारुकू नावाचे बुद्धिवादी गृहस्थ तिथे गेले. जवळच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून वर चढते आहे, असे त्यांनी दाखवले. ख्रिस्तसभेबद्दल ते जे बोलले ते आम्हाला आवडले नाही, आजही आवडत नाही. पण त्यांच्यावर भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि अखेर ते फिनलंडला निघून गेले, ही काही आपल्या श्रद्धेची शोभा नव्हती. क्रूसाखाली गटार तुंबले आहे असे कोणी सांगितले तर प्लंबर बोलवावा आणि सांगणाऱ्याचे आभार मानावेत. लूर्दमध्ये ख्रिस्तसभा हेच करते. तिथे १८८३ पासून डॉक्टरांची कचेरी आहे. ७ हजारांहून अधिक लोकांनी आपण बरे झाल्याचे कळवले, आणि चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती सत्तरच्या थोडी वर. बाकीच्यांना ख्रिस्तसभेने खोटे ठरवले नाही, फक्त घाई केली नाही.

आता हसणे बाजूला ठेवतो. एक खरी गोष्ट सांगायची आहे, आणि ती बहुतेकांनी चित्रपटाच्या रूपात पाहिली आहे. २००५ साली एमिली रोझ नावाच्या मुलीच्या भूतबाधेवर इंग्रजी चित्रपट आला. तो आजही मोबाइलवर फिरतो आणि ही सत्यकथा आहे असे खाली लिहिलेले असते. सत्यकथा अशी: जर्मनीत बव्हेरियाच्या क्लिंगेनबर्ग गावात आनेलीझे मिशेल नावाची मुलगी होती. घर अत्यंत भाविक कॅथलिक. ती शिक्षिका व्हायला शिकत होती. शाळेत असतानाच तिला फिट्स येऊ लागल्या होत्या, औषधे चालू होती. पुढे तिला भेसूर चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले. १९७५ मध्ये महागुरुस्वामींची परवानगी घेऊन दोन धर्मगुरूंनी तिच्यावर भूत काढण्याचा विधी सुरू केला. सुमारे दहा महिन्यांत ६७ वेळा तो झाला. ती खाईनाशी झाली. शेवटच्या काळात घरी डॉक्टर बोलावला गेला नाही. १ जुलै १९७६ रोजी ती वारली. वय २३, वजन जेमतेम ३० किलो. शवचिकित्सेत निघाले ते कुपोषण आणि शरीरातले पाणी संपणे. १९७८ साली न्यायालयाने आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरवले.

यातले कोणीही दुष्ट नव्हते. कागदही बरोबर होता. महागुरुस्वामींच्या परवानगीशिवाय हा विधी करता येत नाही असा नियम आहे, आणि तो पाळला होता. भुताला सहज खरे मानू नका, अशी ताकीद तर १६१४ च्या विधिग्रंथातच आहे. १९९९ च्या नव्या विधीत ती अधिक ठसठशीत केली, आजार आहे का ते आधी पाहायला सांगितले. नियम होते, प्रार्थना होती, प्रेम होते, आणि मुलगी उपाशी मेली.

म्हणून त्या माशाकडे परत येतो. मार्कच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या मुलखातला भूतग्रस्त बरा होतो, तेव्हा तो कसा दिसतो? अंगावर कपडे, मन ताळ्यावर, शांत बसलेला. आणि प्रभू त्याला आपल्या माणसांत घरी जायला सांगतो. त्याच अध्यायात याईराची मुलगी उठते, आईबाप थक्क होऊन उभे राहतात, आणि प्रभू त्यांना सांगतो की हिला काहीतरी खायला द्या. बारा वर्षांच्या मुलीची भूक त्या सगळ्या गोंधळात फक्त त्याला दिसली. प्रभूचा हात लागतो तिथे माणूस जेवतो, कपडे घालतो, घरी परततो. ज्या प्रार्थनेनंतर माणूस दिवसेंदिवस वाळत जातो, झोपत नाही, घरच्यांपासून तुटतो, तिथे काहीतरी भलतेच चालले आहे असे समजून ताबडतोब डॉक्टर गाठावा.

हे दूरच्या जर्मनीचे म्हणून सोडून देता आले असते. पण आपल्या भागातही अशी घरे आहेत. तरुण मुलगा, कानात आवाज येतात, रात्र रात्र जागा. घरची माणसे त्याला घेऊन या प्रार्थनासभेतून त्या प्रार्थनासभेत फिरतात. कोणीतरी सांगतो की पूर्वजांचे पाप आहे, कोणी म्हणतो शेजारणीने केले आहे. आणि एखादा उत्साही भाऊ सांगतो की विश्वास असेल तर गोळ्या बंद कर. या शेवटच्या वाक्याची आम्हाला कोणत्याही हडळीपेक्षा जास्त भीती वाटते. भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, कर्नाटकातही २०१७ चा कायदा आहे. त्या कायद्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. ते देव मानणारे नव्हते. पण ज्या रुग्णांसाठी ते भांडले, त्यांच्या बाजूने आपल्या व्यासपीठांवरून किती बोलले गेले?

मग सैतान नाहीच म्हणता का, असे कोणी विचारील. नाही, तसे म्हणत नाही. बाप्तिस्म्यात आपण त्याचा त्याग करतो, आणि नसलेल्याचा त्याग कोणी करत नाही. पण रविवारी म्हणतो त्या श्रद्धेच्या अंगीकारात त्याचे नावही नाही, आणि आपल्या गप्पांत मात्र त्याला पहिली खुर्ची. शिवाय देवाने डॉक्टरही निर्माण केला आहे. बेनसिराच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय त्याचा मान राखायला सांगतो. खरी बाधा असेल तर दवाखान्यात गेल्याने ती रागावणार नाही. आजार असेल, तर उशीर मात्र जिवावर बेतेल.

घरात असे कोणी असेल तर १४४१६ हा सरकारच्या 'टेली-मानस'चा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, आणि रात्रीही तो लागतो. फादरांना जरूर बोलवा. ते प्रार्थना करतील, आणि डॉक्टरांकडे नेले का तेही विचारतील. तेवढ्या वेळात आजाऱ्यासमोर पेजेची वाटी ठेवायला हरकत नाही. दवाखान्यात सोबत लागत असेल तर आम्हा धर्मशिक्षकांपैकी कोणालाही सांगा, आठवड्याच्या कोणत्याही दिवशी येऊ. फक्त रविवारी नऊच्या मिस्सानंतर, कारण तेव्हा मुलांचा वर्ग असतो.