तिथी, ओहोटी आणि मुक्कामाची गाडी

पायी हिंडण्याची हौस असलेल्या, परंतु ती हौस स्वतःच्या मोटारीच्या तंत्राने भागवू पाहणाऱ्या मंडळींविषयी माझी एक जुनी तक्रार आहे. ही मंडळी समुद्रकाठच्या एखाद्या गावी जातात, सुरूच्या सावलीत मोटार उभी करतात, पुळणीवरून अर्धा-पाऊण तास मोठ्या उल्हासाने चालतात आणि, पुढचे टोक खुणावीत असताना व पायांत रग शिल्लक असताना, केवळ मोटार मागे राहिली या एकाच सबबीवर आल्या वाटेने परत फिरतात. दाव्याला बांधलेल्या गुराला जेवढे रान मोकळे, तेवढाच मुलूख यांना मोकळा. डोंगरात हिंडताना निदान एका घाटीने चढून दुसरीने उतरण्याची व मूळ ठिकाणी येण्याची तजवीज करता येते. किनाऱ्याची एक बाजू समुद्रानेच अडवलेली असल्यामुळे तेथे तीही सोय नाही. किनारा एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंतच चालावा लागतो, आणि ज्याला एके ठिकाणी उतरून भलत्याच ठिकाणी परतीची गाडी पकडावयाची आहे, त्याच्यासाठी राज्य परिवहनाच्या तांबड्या गाडीइतके सोयीचे वाहन अद्याप निघालेले नाही.

दापोली तालुक्याचेच उदाहरण घेऊ. इंग्रजी अमदानीत लष्करी छावणी पडल्यामुळे अजूनही जुन्या तोंडी 'कँप' म्हणून ओळखले जाणारे हे गाव समुद्रापासून आत, उंचावर वसलेले आहे. आणि केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, लाडघर, कोळथरे, दाभोळ ही सारी गावे खाली समुद्रालगत, परंतु खाड्यांनी आणि डोंगराच्या सोंडांनी एकमेकांपासून तोडलेली आहेत. पूर्वी या बंदरांचा मुंबईशी संबंध आगबोटीने असे. बोट हर्णै-दाभोळसमोर खोल पाण्यात उभी राही, उतारू पडावातून ने-आण केले जात, आणि पावसाळ्याचे महिने हा सारा व्यवहार बंद पडे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, आणि पुढे यथाकाल तिची धूळ कोकणातील आडगावांच्या पारापर्यंत पोहोचली. तथापि खाड्यांनी किनारा जागोजागी चिरलेला असल्यामुळे गाड्यांना समुद्राच्या कडेकडेने सलग जाता येईना. म्हणून दापोलीहून एक गाडी खाली उतरते व एका गावात समुद्राशी थांबते, दुसरी दुसऱ्या गावात थांबते, आणि शेजारच्या दोन गावांमधला किनारा, वाहनांच्या दृष्टीने आडबाजूचा म्हणून, चालणाऱ्याच्या वाट्याला राहतो. अलीकडे सागरी मार्गाने आणि पुलांनी ही व्यवस्था बरीच बदलली आहे. परंतु गाड्यांचा जुना शिरस्ता अजून दापोलीच्या आगारातूनच चालतो.

गाड्यांच्या वेळा मी येथे देत नाही. त्या बदलतात, आणि त्यांची खातरजमा चौकशीच्या खिडकीवर जाऊनच करून घ्यावी. शिवाय ज्या फाट्यावर परतीची गाडी धरावयाची तेथील दुकानदारास पुन्हा विचारावे, कारण वेळापत्रकात जे लिहिलेले असते त्यावरची शेवटची मखलाशी त्याच्या तोंडूनच ऐकावयास मिळते. दूरच्या गावी संध्याकाळी जाणारी शेवटची गाडी बहुधा मुक्कामाची असते. चालक-वाहक रात्री गावातच राहतात आणि पहाटे तीच गाडी माघारी निघते. चालणाऱ्याने आदल्या रात्री या गाडीने जावे. तीत बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, कॉलेजातून येणारी मुले, आणि पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे २०२२ पासून विनामूल्य प्रवासाचे हक्कदार झालेले वृद्ध असतात. २०२३ पासून महिलांस अर्धे तिकीट झाल्यावर तर या सभेत पुरुषांचे मताधिक्य उरलेलेच नाही. "आजोबा, केळशीत कुणाकडं?" असा प्रश्न वाहकाने तिकीट फाडण्यापूर्वीच विचारला आणि "कुणाकडं नाही, चालायला" असे उत्तर मिळाले, की पुढल्या दोन बाकांवरून माना वळतात, आणि गाव येईपर्यंत उतरण्याची, जेवण्याची व सकाळच्या वाटेची अशा तीनही व्यवस्था परस्पर ठरून जातात.

परंतु एसटीच्या वेळापत्रकाहून अधिक कडक असे दुसरे एक वेळापत्रक येथे पाळावे लागते, आणि त्याची चौकशी कोणत्याही खिडकीवर करावी लागत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता, अर्ध्या तासाच्या फरकाने, भरती पूर्ण होते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीस तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नऊला पाणी सर्वांत दूर. अष्टमीस सहाला भरती, म्हणजे ओहोटी दुपारी बारा वाजता. आणि पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास समुद्र अगदी काठाशी. हा हिशेब शुद्ध पक्षास जितका लागू तितकाच वद्यास. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्याच्या मागोमाग समुद्रही तितकाच रेंगाळतो, आणि कोकणातील खलाशाने ही सारी खगोलविद्या एका गुणाकारात बसवून ठेवली आहे. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी फार चढत नाही व फार उतरतही नाही, उलट उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पुळण इतकी रुंद व टणक होते की तिच्यावरून चालणे हे डांबरी रस्त्यावरून चालण्याहून सुखाचे.

या हिशेबाने केळशी ते हर्णै या वाटेस संकष्टीचा दिवस उत्तम. केळशीच्या उत्तरेस भारजा नदीच्या मुखाशी वाळूची एक प्रचंड टेकडी आहे, जिचा पुरातत्त्वज्ञ व भूशास्त्रज्ञ यांनी बारकाईने अभ्यास केला आहे. गावात महालक्ष्मीचे देऊळ आहे. आणि ज्याला खुद्द शिवाजी महाराजांनी इनाम दिले तो याकूबबाबांचा दर्गाही येथलाच. हे आदल्या दिवशी पाहून घ्यावे, कारण सकाळी घाई आहे. दक्षिणेस उटंबरचा डोंगर पुळणीस आडवा येतो. तो ओलांडून आड्याकडे उतरावे, तेथून पाडल्याच्या वाळूवर यावे, आणि पाणी मागे हटलेले असतानाच आंजर्ल्याची लांबलचक पुळण गाठावी. येथे घाई सोडावी. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी काढलेली असते, कुरवांचे थवे पावलागणिक उठून पुन्हा पुढे बसतात, आणि हिवाळ्याच्या अखेरीस समुद्रकासवांच्या अंड्यांभोवती वनखात्याने व ग्रामस्थांनी घातलेले कुंपण दृष्टीस पडते. त्या कुंपणाजवळ रेंगाळून माहिती विचारण्यास कोणाची हरकत नसते, मात्र आत हात घालण्यास असते, आणि ती रास्त आहे. पाणी चढू लागले की पाखाडीने कड्यावरच्या गणपतीकडे जावे. संकष्टीमुळे तेथे भक्तांची रीघ असेल. परंतु उजव्या सोंडेच्या त्या मूर्तीचे दर्शन घेऊन देवळाबाहेर आले म्हणजे माडांची आगरे, त्यापलीकडे भरतीस लागलेला समुद्र, आणि दक्षिणेस पाण्यात स्वस्थ बसलेला सुवर्णदुर्ग हे सर्व एका नजरेत मावते.

त्या दुर्गाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १७५५ साली पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांच्या विरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली, आणि कमोडोर विल्यम जेम्स याने समुद्रातून तोफांचा भडिमार करून हा किल्ला घेतला. जेम्स श्रीमंत होऊन मायदेशी गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडननजीक शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक त्रिकोणी बुरूज बांधला आणि त्यास सुवर्णदुर्गाचेच, साहेबी उच्चाराने 'सेव्हर्नड्रूग' झालेले, नाव दिले. आपल्या घरच्या भांडणात परक्यास पंच नेमल्याचे स्मारक परक्याच्या राजधानीत इतके नीटनेटके उभे असावे, याचा खेद करावा की कौतुक, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आंजर्ल्याची खाडी पूर्वी तरीने ओलांडावी लागे. आता पूल आहे. पाजपंढरीच्या कोळीवस्तीतून हर्णैस पोहोचावे तो मासळीच्या लिलावाची वेळ होते, आणि लिलाव उरकला की दापोलीची गाडी मिळते. ज्याला समुद्राचा कंटाळा आला असेल (असे लोक असतात), त्याने दुसऱ्या दिवशी याच रस्त्यावर आसूदला उतरावे, सुपारीच्या बागांतून गडग्यांच्या कडेने खाली ओढ्यावर जावे आणि समोरच्या चढणीने केशवराजाच्या देवळाशी यावे. तेथे गोमुखातून पडणारे पाणी आणि झाडांची दाट सावली यांमुळे चैत्रातही अंगरखा जड वाटत नाही. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'चा मुलूख तो हाच.

मुरूड, कर्दे, लाडघर यांच्याविषयी लिहिण्याजोगे फारसे उरलेले नाही, कारण तेथे आता पुळणीपेक्षा निवासस्थानांच्या पाट्या अधिक आहेत. मुरूडला मात्र दुर्गादेवीच्या देवळात घटकाभर बसावे, आणि याच गावचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत केवळ एका परीक्षेस बसण्यासाठी सह्याद्री चढून साताऱ्यास पायी गेले व वय लहान दिसते म्हणून परत पाठवले गेले, हे आठवावे. तेव्हा एसटी नव्हती. दाभोळपर्यंत ज्याची मजल जाईल त्याने फेरीबोटीने वाशिष्ठीचे मुख ओलांडून धोपाव्यास उतरावे; तेथून पुढला तालुका गुहागरचा, आणि गाड्याही त्या आगाराच्या.

राहता राहिला प्रश्न रजेचा. संकष्टी आणि रविवार यांचा योग वर्षात क्वचित जुळतो, तेव्हा कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या संकष्ट्या पंचांगात पाहून अर्ज आधीच द्यावा, आणि कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' असे लिहावे. कारण 'सकाळी नऊची ओहोटी' ही सबब अद्याप कोणत्याही कचेरीच्या रजेच्या नियमावलीत दाखल झालेली नाही.