पुन्हा उघडली जाणारी नोंदवही

तिसरी ते पाचवीच्या वर्गांत परिसर अभ्यासाच्या निमित्ताने मुले जी विज्ञानाची वही लिहितात, ती पुष्कळ शाळांत फळ्यावरून उतरवली जाते आणि वहीतपासणी झाली की मिटते. पुढच्या पाठाला तिचे मागचे पान उलटण्याची वेळ कोणावरच येत नाही. अशा वहीत समास आखण्यावर आणि मथळ्याखाली रंगीत रेघ ओढण्यावर कितीही श्रम घेतले, तरी मांडणी कशासाठी करायची हे मुलाला उमगत नाही, कारण लिहिलेले पुन्हा शोधावे लागते तेव्हाच ते सापडेल असे लिहिण्याची निकड भासते.

ओल्या फडक्यात ठेवलेल्या हरभऱ्यांची नोंद घेताना ‘मोड मोठा झाला’ एवढेच लिहिले, तर चौथ्या दिवशी तो कालच्यापेक्षा किती वाढला हे सांगता येत नाही. याउलट प्रत्येक नोंदीला तारीख, दाण्याचे चित्र आणि दोऱ्याने मापून पट्टीवर मोजलेली लांबी असेल, तर मूल आपणहून मागे वळून दोन आकडे शेजारी ठेवते. (ज्याला मोड म्हटले जाते ते आधी बाहेर पडणारे मूळ असते, हेही अशा रोजच्या चित्रांतूनच ध्यानात येते.) निरीक्षण, म्हणजे जे दिसले व मोजले ते, डाव्या पानावर आणि अनुमान, म्हणजे त्यावरून बांधलेला अंदाज, उजव्या पानावर ठेवण्याची सवय याच वयात लावता येते. पहिली दोन पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडावीत, पानांना क्रमांक मुलांनीच घालावेत आणि प्रत्येक कृती संपल्यावर तिचे नाव त्यांनी स्वतःच्या शब्दांत तेथे नोंदवावे. तिसरीच्या मुलांना आरंभी भिंतीवरच्या सामायिक अनुक्रमणिकेचा आधार पुरतो.

कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवण्याची प्रथा मात्र सोडायलाच हवी. त्या उतरवण्यात खाडाखोड जाते आणि तिच्याबरोबर न जुळलेला आकडाही जातो, म्हणजे विज्ञानाच्या दृष्टीने जे सर्वांत मोलाचे तेच गळते. शुद्धलेखनाच्या दुरुस्तीसाठी इतर तास आहेत. लाल पेनाने भरलेले पान मूल पुन्हा आवडीने उघडत नाही.

मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीच्या मुलांना परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची वही उघडून पाहण्याची मुभा होती. तेथे वहीची मांडणी परीक्षेतच उपयोगी पडत असल्याने तिच्यासाठी वेगळ्या गुणांचे आमिष लागत नसे. प्राथमिक वर्गातही आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या पडताळणीच्या, वेळी मुलाच्या हाती त्याचीच वही देऊन ‘मुळाची लांबी सर्वांत जास्त कोणत्या दिवशी वाढली?’ असे विचारता येईल, आणि पान सापडायला लागलेला वेळच शिक्षकाला पुढे काय शिकवायचे ते सांगेल.