वरिष्ठ सभागृहाचे वेळापत्रक

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशभर अंमलात आल्या आणि एकोणतीस केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. या संहितांच्या गुणदोषांविषयी मालक, कामगार संघटना आणि सरकार यांच्यात मतभेद आहेत आणि ते राहणारच. परंतु त्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहातून ज्या रीतीने संमत झाल्या, त्या रीतीचा विचार गुणदोषांच्या वादात मागे पडला. वास्तविक लोकशाहीच्या दृष्टीने तो प्रश्न अधिक मूलभूत आहे.

वेतनविषयक संहिता २०१९ साली संमत झाली होती. उरलेल्या तीन संहितांची, म्हणजे औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य यांविषयीची विधेयके १९ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत मांडली गेली. लोकसभेने ती २२ सप्टेंबरला संमत केली आणि दुसऱ्याच दिवशी, २३ सप्टेंबरला, राज्यसभेने ती आवाजी मतदानाने मंजूर केली. त्याच दिवशी सभागृह संस्थगित झाले. कृषी विधेयकांवरील गोंधळापायी आठ सदस्य निलंबित झाले होते आणि विरोधी बाके बहिष्कारामुळे रिकामी होती. देशातील कोट्यवधी श्रमिकांचे जीवन नियमित करणारे तीन कायदे अशा रीतीने वरिष्ठ सभागृहाचा एक दिवसही पुरता न घेता पार पडले. त्यानंतर मात्र ते पाच वर्षांहून अधिक काळ अंमलबजावणीची वाट पाहत राहिले.

हा विरोधाभास नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्या कायद्याला अंमलात येण्यासाठी पाच वर्षे थांबता आले, त्याला विचारविनिमयासाठी पाच दिवस का थांबता आले नाही?

या कायद्यांत थांबून पाहण्याजोगे काय होते, हे कळण्यासाठी भिवंडीकडे पाहणे पुरेसे आहे. हे शहर देशातील यंत्रमागाचे एक मोठे केंद्र. येथील माग लहान लहान शेडमधून विभागलेले आहेत आणि त्यांवर राबणारा कामगार बहुतांशी उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण अशा परप्रांतांतून आलेला आहे. १९४८ च्या केंद्रीय कारखाने कायद्यानुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना ठरत असे. नव्या संहितेने ही संख्या वीसवर नेली. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याची मर्यादा पाच कामगारांची होती. नव्या संहितेतील स्थलांतरितांविषयीच्या तरतुदींसाठी ती दहा झाली. संपासाठी आगाऊ सूचनेचे बंधन पूर्वी सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरते होते. आता ते सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाले.

या बदलांचे समर्थन करता येत नाही असे नव्हे. लहान उद्योजकाला तपासनीसांच्या आणि नोंदवह्यांच्या जाचातून मोकळे केले तर तो धंदा वाढवील आणि रोजगारही वाढेल, हा युक्तिवाद अर्थशास्त्रात नवा नाही. उलट, पंधरा कामगारांच्या शेडमध्ये बारा बारा तास मागापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे संरक्षण कमी झाले, हाही आक्षेप निराधार नाही. दहा असावे की वीस, पाच असावे की दहा, हे आकडे कारकुनी तपशील नव्हेत. कोण कायद्याच्या छत्राखाली येतो आणि कोण उन्हात उरतो, हे त्या आकड्यांवर ठरते. अशा आकड्यांची कलमवार छाननी व्हावी, म्हणून तर दुसरे सभागृह ठेवलेले असते.

तशी छाननी होऊ शकते आणि तिचा लाभही होतो, याचा दाखला फार दूरचा नाही. वस्तू व सेवा करासाठीचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेने मे २०१५ मध्ये संमत केले. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे सोपविले आणि अखेर ३ ऑगस्ट २०१६ रोजी दुरुस्त्यांसह मंजूर केले. या काळातला बराच भाग राजकीय ओढाताणीत गेला, हे मान्य केले पाहिजे. तरीही मूळ मसुद्यातील, राज्याबाहेर जाणाऱ्या मालावरील एक टक्का अतिरिक्त कर त्यात वगळला गेला आणि राज्यांना पाच वर्षांच्या नुकसानभरपाईची निःसंदिग्ध हमी मिळाली. भिवंडीत सूत परराज्यातून येते आणि कोरे कापड परराज्यात जाते. अशा बाजारपेठेला त्या एक टक्क्याचे वजन समजावून सांगण्याची गरज नाही.

मग एका विधेयकाला सवा वर्ष आणि दुसऱ्याला एक दिवस, हे ठरविते कोण? राज्यसभेत सभापतींच्या अध्यक्षतेखाली कामकाज सल्लागार समिती असते. कोणत्या सरकारी विधेयकावर किती तास चर्चा व्हावी, याची शिफारस ती करते. परंतु कोणते विधेयक केव्हा आणावयाचे, याची किल्ली सरकारच्याच हाती असते. चर्चेपूर्वी सदस्यांना सामान्यतः दोन दिवसांचा अवधी मिळावा असा नियम आहे, पण तो शिथिल करण्याचा अधिकारही सभापतींना आहे. संसदेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर नसावे एवढेच संविधान सांगते. वर्षाकाठी किमान किती बैठका व्हाव्यात, यावर ते मौन पाळते. वेळ ही दुर्मीळ वस्तू आहे आणि तिचे वाटप ज्याच्या हाती, त्याच्या हाती सत्ता. म्हणून कामकाजपत्रिका ही केवळ कार्यालयीन सोय मानणे भोळेपणाचे ठरेल.

सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले आहे. २०२० साली महामारीचे संकट होते आणि या संहितांचे आधीचे मसुदे स्थायी समितीने तपासले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु समितीने पाहिला तो जुना मसुदा. नवी विधेयके मांडली गेली ती चार दिवसांत उरकण्यासाठी. विरोधी पक्षांनाही या दोषातून पूर्णपणे मुक्त करता येणार नाही. सभात्यागाने निषेध नोंदविला जातो, पण कलम दुरुस्त होत नाही. रिकाम्या बाकांमुळे घाईचे काम अधिकच सोपे होते.

दिल्लीला नावे ठेवून महाराष्ट्राला मोकळे होता येणार नाही. आपल्या राज्यातही दोन सभागृहे आहेत. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांच्या आणि सात पदवीधरांच्या. भिवंडीतील शिक्षक व पदवीधर कोकण विभागाच्या मतदारसंघातून आपले प्रतिनिधी तेथे पाठवितात. विधानसभेने संमत केलेल्या सर्वसाधारण विधेयकाचा विचार करण्यास संविधान परिषदेला प्रथम तीन महिन्यांपर्यंतचा अवधी देते. धनविधेयकासाठी ही मुदत चौदा दिवसांची आहे. प्रत्यक्षात २०२४ चे नागपूरचे हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर एवढ्यात आटोपले. अधिवेशनच जर आठवड्याचे, तर तीन महिन्यांचा अधिकार कागदावरच राहणार. याच परिषदेचे सभापतिपद वि. स. पागे यांनी १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे भूषविले आणि रोजगार हमीच्या कल्पनेला आकार दिला, हे विसरू नये. वरिष्ठ सभागृह शोभेचे ठरते की उपयोगाचे, हे त्याला मिळणाऱ्या वेळेवर आणि त्या वेळेच्या वापरावर अवलंबून आहे.

उपाय अवघड नाहीत आणि त्यांना घटनादुरुस्तीही लागत नाही. कनिष्ठ सभागृहात संमत झालेले विधेयक वरिष्ठ सभागृहात विचारार्थ घेण्यापूर्वी किमान एक आठवडा जावा. अवधी कमी करावयाचा झाल्यास त्याची कारणे सभापतींनी सभागृहात सांगावीत. अधिवेशनाच्या अखेरच्या दोन दिवसांत तातडीच्या धनविधेयकांखेरीज नवे विधेयक चर्चेला घेऊ नये. आणि वर्षाच्या किमान बैठकांचा आकडा नियमांतच लिहून ठेवावा. सरकारे बदलतात. आज बहुमतात असलेल्यांना उद्या याच नियमांचा आधार लागणार आहे.

ताण्याचा धागा तुटला की मागावरचा कामगार माग थांबवितो, धागा जोडतो आणि मग पुढे विणतो. त्याला मजुरी मीटरवर मिळते, थांबण्यात त्याचे नुकसान असते. तरीही तो थांबतो, कारण दोष राहिलेले कापड बाजारात नाकारले जाते. कायद्यातील दोष मात्र नाकारण्याची सोय त्या कामगाराला नाही. तो त्याला वर्षानुवर्षे सोसावा लागतो. निदान त्याच्यासाठी कायदे करणाऱ्यांनी त्याच्याइतके तरी थांबावयास शिकावे.