बी. ए. झाल्यावर डॉक्टर का होऊ नये?

आमच्या वर्गात ‘पुढे काय करणार?’ असा प्रश्न निघाला की उत्तरे ठरलेली असतात. बी. एड., स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती, नाहीतर लग्न. गेल्या वर्षी मी एकदा ‘मला डॉक्टर व्हावेसे वाटते’ असे म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना एसटीत राहून राहून मनात येत होते, की यात हसण्यासारखे नेमके काय होते?

ही इच्छा मला झाली ती बारावीत असताना, आजीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले तेव्हा. ओळ लांब होती. डॉक्टर तरुण होते, शहरातले होते, सकाळपासून बसून थकलेले होते. आजी म्हणाली, “जीव खालीवर व्हतो. छातीत भरून येतं.” डॉक्टरांनी विचारले, “दुखतं का?” आजी म्हणाली, “न्हाय, दुखत न्हाय.” ती खरे तेच बोलली. डॉक्टरांनी गॅसची गोळी लिहून दिली. आम्ही बाहेर पडणार, तोच शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरने आजीला थांबवले. “आजी, घागर उचलल्यावर व्हतं, का बसल्या जागी पण?” आजी म्हणाली, “घागर उचलली की व्हतं. टेकलं की जातं.” सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिले. मग छातीची पट्टी काढली. दुखणे हृदयाचे निघाले. आजी आज आहे ती त्या एका प्रश्नामुळे.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांना विद्या होती, पण आजीची भाषा नव्हती. आजीची भाषा मला होती, पण विद्या नव्हती. त्या दिवशी वाटले, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाजवळ असाव्यात. आणि त्याच दिवशी हेही कळले, की मला उशीर झाला आहे. वय होते सतरा!

दहावीनंतर मी कला शाखा घेतली. ‘घेतली’ हा शब्दही खरा नाही. आमच्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखाच होती. शास्त्र शिकायचे तर तालुक्याला जायचे. सकाळची पहिली एसटी प्रॅक्टिकल सुरू झाल्यावर पोहोचायची, आणि क्लासची फी म्हणजे वडिलांची वर्षाची मजुरी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेले कोणी नव्हते. कोणती शाखा घेतली की कोणते दार कायमचे लागते, हे सांगणार कोण? थोडक्यात, मी डॉक्टर व्हायचे की नाही हे माझ्या पंधराव्या वर्षी एसटीच्या वेळापत्रकाने ठरवून टाकले.

सगळीकडे असेच असते काय? नाही. लंडनच्या सेंट जॉर्जेस या वैद्यकीय विद्यालयाने 2000 साली पदवीधरांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याला कोणत्याही विषयाची पदवी चाले, इतिहासाची किंवा साहित्याचीही. वॉरिक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत तर फक्त पदवीधरांनाच प्रवेश आहे. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने ही वाट 1996 साली उघडली. तिथे आणि इंग्लंडमधल्या काही विद्यापीठांत गॅमसॅट नावाची प्रवेश परीक्षा घेतात. तिचे तीन भाग आहेत. एक जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राचा. दुसऱ्यात निबंध लिहायचे असतात. उरलेल्या भागात कविता, कथेतला उतारा किंवा व्यंगचित्र देऊन त्यातल्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे विचारतात. मित्रहो, आपण ज्याला ‘रसग्रहण’ म्हणून नाके मुरडतो, ते तिथे डॉक्टरकीच्या दारात विचारले जाते! आपल्या नीट परीक्षेत 720 गुण असतात. त्यातला एकही गुण माणूस समजण्याला नाही.

‘साहित्यवाल्यांना शरीरशास्त्र झेपेल का?’ ही शंका रास्त आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय विद्यालयाने 1987 पासून मानव्यविद्येच्या काही विद्यार्थ्यांना नेहमीच्या शास्त्र-अटी शिथिल करून प्रवेश दिला. त्यांच्या प्रगतीचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. पायाभूत शास्त्राच्या परीक्षेत ते थोडे मागे होते, पण प्रत्यक्ष रुग्णालयातल्या कामात इतरांच्या बरोबरीने उतरले. म्हणजे झेपते, फक्त सुरुवातीला कष्ट जास्त पडतात. कष्टाला आपण कधी भ्यालो?

आपल्याकडे दार अगदीच बंद आहे असे म्हणणेही बरोबर होणार नाही. नीटची वयोमर्यादा 2022 साली काढली गेली. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, बारावीनंतर जीवशास्त्रासारखे विषय जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटला बसू देण्याचे मान्य केले. पण हिशेब मांडून पाहा. बी. ए. ची तीन वर्षे. मग बारावीचे शास्त्र विषय. मग नीट, जिला 2024 साली वीस लाखांहून अधिक मुले बसली. मग साडेचार वर्षे एम. बी. बी. एस. आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिशी येईल. मजुराच्या घरात इतकी वर्षे कोण थांबते? बी. ए. ची तीन वर्षे या हिशेबात जमेला धरलीच जात नाहीत. ती जणू वाया गेली.

कायद्याच्या शिक्षणात मात्र असे नाही. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे, अशा दोन वाटा आपल्याच देशात आहेत. बी. ए. झालेली मुलगी जिल्हाधिकारी होऊ शकते, न्यायाधीश होऊ शकते. मग वैद्यकातच दुसरी वाट का नको? पदवीनंतर एक वर्षाचा शास्त्राचा पायाभूत अभ्यासक्रम असावा, त्याची कडक परीक्षा असावी आणि सरकारी महाविद्यालयांत थोड्या जागा राखाव्यात. बदल्यात काही वर्षे ग्रामीण भागात काम करण्याची अट घालावी. ती अट मी आनंदाने पाळीन. मला जायचे आहेच तिथे.

अर्थात इंग्लंडमध्ये सगळे गोड आहे असे नाही. या जागांसाठी तिथे मोठी चुरस असते आणि दुसऱ्यांदा शिकणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज चढते. नुसते दार उघडून भागत नाही. फीची सोय नसेल तर त्यातून पुन्हा पैसेवालेच आत जातील. आपल्याकडे वाट काढायची तर हे आधी पाहावे लागेल.

आणि एक गोष्ट आपल्यालाच सांगितली पाहिजे. ‘आम्ही कलेचे विद्यार्थी माणसे वाचतो’ असे आपण स्नेहसंमेलनात म्हणतो. खरे तर आपण गाईड वाचतो. परीक्षेच्या आधी पंधरा दिवस, तेही अपेक्षित प्रश्नांपुरते. उद्या खरोखर दार उघडले आणि कोणी विचारले, ‘या तीन वर्षांत माणसाविषयी काय शिकलात?’ तर आपण काय सांगणार? ज्या सिस्टरने आजीला घागरीचा प्रश्न विचारला तिने गाईड वाचून तो विचारला नव्हता.

मी डॉक्टर होईन की नाही, ठाऊक नाही. बहुधा नाही. पण पंधराव्या वर्षी गरिबीने केलेली निवड एकविसाव्या वर्षी माणसाला स्वतः बदलता आली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. माझ्या धाकट्या बहिणीने यंदा दहावी दिली. अकरावीचा अर्ज भरताना मी तिच्याजवळ बसणार आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला