अवघड डोळ्यांचा हिशेब

पाचगणीचे नाव आरोग्याशी जोडले गेले ते क्षयरोग्यांमुळे. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी येथे ‘बेल-एअर’ उभारले तेव्हा क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. रोग्याला महिनोन्‌महिने विश्रांती आणि शुद्ध हवा देणे हाच उपचार होता. काही रोग्यांना इतरांहून अधिक द्यावे लागते, हे त्या काळी मान्य होते. मोतीबिंदूच्या बाबतीत मात्र आपण ते विसरत चाललो आहोत.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याचे यश नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये. परंतु यशाचे माप शस्त्रक्रियांची संख्या हेच ठरले, आणि पुढे स्वयंसेवी संस्थांचे अनुदानही दर शस्त्रक्रियेमागे ठरावीक झाले. ज्याची मोजणी होते त्याचेच उत्पादन वाढते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. जन्मतः व्यंग असलेला डोळा या मोजणीत बसत नाही.

गर्भातील डोळ्याची फट सातव्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण मिटली नाही, तर बुबुळाच्या पडद्यात खाच राहते. अशा डोळ्यात भिंग तोलून धरणारे तंतू त्या बाजूस दुबळे असतात, कधी नसतातच. नेहमीच्या वेगाने हात चालविल्यास भिंगाची पिशवीच निसटू शकते. ती ताणून धरण्यासाठी आत बारीक कडी बसवावी लागते, प्रसंगी टाक्याने बांधावी लागते. अनुभवी शल्यविशारद आणि पुष्कळ वेळ, दोन्ही हवेत. हिशेबात मात्र तो डोळा ‘एक’च!

बालकाच्या बाबतीत तर वेळ हीच संपत्ती. दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या मुलावर पहिल्या दोनेक महिन्यांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. एरवी मेंदू पाहण्यास नीट शिकत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथे झाला, आणि त्याच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. परंतु स्ट्रॉबेरीच्या मळ्यात रोजंदारी करणाऱ्या मातेला शस्त्रक्रियेनंतरही चष्मा आणि तपासणीसाठी वर्षानुवर्षे घाट उतरावा लागतो. तिच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना कोणत्या यादीत आहे?

एका अवघड डोळ्याच्या खर्चात अनेक सोपे डोळे होतील, असा आक्षेप येईल. पण बालकाला मिळते ती संपूर्ण आयुष्याची दृष्टी; तिचे मोल वर्षांनी गुणूनच काढले पाहिजे. म्हणून अशा शस्त्रक्रियांना वेगळा दर, मातेला प्रवासखर्च व मजुरी, आणि शिबिरातून परत पाठविलेल्या प्रत्येक डोळ्याची नोंद, एवढे तरी शासनाने करावे. किती डोळे उघडले हे आपण अभिमानाने सांगतो. किती परतविले, हेही सांगावयास हवे.